हौशी, व्यावसायिक आणि आश्रित : १९५२ च्या संदर्भात क्रीडा-मोबदल्याचा इतिहास

इ. स. १९५२ च्या जून व जुलै या दोन महिन्यांत घडलेल्या तीन घटना क्रीडा-इतिहासाच्या तीन वेगवेगळ्या प्रकरणांत नोंदविल्या जातात. ५ जून रोजी लीड्सच्या हेडिंग्ले मैदानावर भारताविरुद्धच्या कसोटीत लेन हटन इंग्लंडचा कर्णधार म्हणून नाणेफेकीस गेला. विसाव्या शतकात इंग्लंडच्या कर्णधारपदी नियुक्त झालेला तो पहिला व्यावसायिक खेळाडू. त्यानंतर दोन आठवड्यांनी लॉर्ड्सवर विनू मंकड यांनी ७२ आणि १८४ धावा केल्या आणि दरम्यान ७३ षटके टाकून पाच बळी घेतले. दौऱ्यासाठी निवडलेल्या भारतीय संघात मात्र त्यांचे नाव नव्हते, कारण ते त्या मोसमात लँकेशायरमधील हॅसलिंग्डन क्लबचे पगारी खेळाडू होते. २३ जुलै रोजी हेलसिंकी येथे सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. तेथपर्यंत ते पोहोचले होते ते लोकवर्गणी आणि कर्जाच्या पैशांवर.

या तीन घटना एकत्र ठेवून पाहिल्यास हौशी आणि व्यावसायिक या परिचित विभागणीविषयी काही वेगळे प्रश्न उपस्थित होतात. खेळाडूने खेळासाठी पैसे घ्यावेत की नाही, असा हा वाद सामान्यतः मांडला जातो. तथापि त्या काळातील व्यवहार तपासता पैसा सर्वत्रच होता असे आढळते. तो कोणत्या नावाने दिला जातो, कोण देतो, आणि ते नाव स्वीकारल्याने खेळाडूचा कोणता हक्क जातो, यांवर सारे अवलंबून होते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने इंग्लंड, पुणे-मुंबई आणि कोल्हापूर येथील परंपरांचा विचार केला आहे.

शब्दांची पार्श्वभूमी

मराठीत 'हौशी' हा शब्द रंगभूमीच्या द्वारे रुळला. हौशी नाट्यसंस्था म्हणजे दिवसा कचेरीत काम करून रात्री तालमी करणारी मंडळी. या शब्दात कौतुक आहे आणि किंचित कच्चेपणाची सूचनाही आहे. त्याच्या उलट 'धंदेवाईक' हा शब्द एकेकाळी नाटक मंडळ्यांना सर्रास लावला जाई. पुढे त्यातील हीनत्व खटकू लागल्याने 'व्यावसायिक' हा सभ्य पर्याय आला. याशिवाय मराठीत मोबदल्याला इतर अनेक नावे आहेत : मानधन, बिदागी, इनाम, तनखा, खुराक. गवयाला बिदागी देतात, व्याख्यात्याला मानधन देतात. त्याला मजुरी म्हटले तर देणारा व घेणारा दोघेही अवघडतील. ज्या समाजाजवळ मोबदल्याची इतकी नावे आहेत, त्याला हौशी-व्यावसायिक हे द्वैत बाहेरून शिकावे लागले यात आश्चर्य नाही.

इंग्लंडमध्ये ते शिकविण्याची गरज नव्हती, कारण तेथे ते नियमांतच लिहिलेले होते. हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या संयोजकांनी १८७९ मध्ये हौशी नाविकाची जी व्याख्या केली, तीत पैशासाठी शर्यतीत उतरलेल्यांबरोबरच जे मजुरीवर कारागीर, यंत्रकामगार किंवा श्रमिक म्हणून काम करतात त्यांनाही वगळले. म्हणजे वल्ही मारून एक पैसाही न मिळविलेला सुतार हौशी ठरू शकत नव्हता. शरीरश्रमाची सवय असणाऱ्यास अयोग्य लाभ मिळतो, असे याचे समर्थन केले जाई. अमेरिकेचा जॉन केली याने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये नौकानयनात दोन सुवर्णपदके मिळविली. त्याच वर्षी हेन्लीने त्याचा प्रवेशअर्ज नाकारला होता. त्याच्या क्लबशी संयोजकांचा जुना तंटा होता हे खरे, पण तो विटा रचणारा गवंडी होता हे कारणही पुढे करण्यात आले. हा श्रमिकविरोधी नियम १९३७ मध्ये रद्द झाला. केलीच्या मुलाने १९४७ मध्ये हेन्लीतील तीच शर्यत जिंकली.

रग्बीमध्ये संघर्ष खाड्याच्या प्रश्नावर झाला. उत्तर इंग्लंडच्या गिरण्यांतील व खाणींतील खेळाडूंना शनिवारी सामन्यासाठी कामावर खाडा करावा लागे. बुडालेल्या मजुरीची भरपाई मिळावी, एवढीच त्यांच्या क्लबांची मागणी होती. १८९३ मध्ये रग्बी युनियनच्या सभेत ती २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळण्यात आली आणि १८९५ च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्ड येथे उत्तरेकडील क्लबांनी स्वतंत्र संघटना स्थापन केली. एका खेळाचे दोन खेळ झाले. मूळ रग्बी युनियनने व्यावसायिकतेला मान्यता दिली ती बरोबर शंभर वर्षांनी, १९९५ च्या ऑगस्टमध्ये. तात्त्विक आग्रह म्हणून या शतकाकडे पाहता येईल. परंतु ज्याच्या घरी शनिवारच्या मजुरीवाचून चूल पेटत नाही त्याला बाहेर ठेवण्याचे याहून सभ्य साधन सापडणे कठीण होते.

जंटलमन आणि प्लेयर्स

क्रिकेटने असे उघड बहिष्काराचे धोरण स्वीकारले नाही. त्याने दोघांनाही एका संघात ठेवले आणि संघाच्या आत भिंत उभी केली. १८०६ पासून लॉर्ड्सवर 'जंटलमन' विरुद्ध 'प्लेयर्स' हा सामना होई. पहिले हौशी, दुसरे पगारी. काउंटी संघात दोघे एकत्र खेळत, पण कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या आणि अनेक मैदानांवर आत येण्याची दारेही वेगळी असत. धावफलकावर हौशी खेळाडूची आद्याक्षरे आडनावाआधी छापली जात, व्यावसायिकाची आडनावानंतर, किंवा मुळीच नाही. फ्रेड टिटमस या तरुण व्यावसायिकाची आद्याक्षरे चुकून आधी छापली गेल्याबद्दल लॉर्ड्सवर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आल्याचे प्रसिद्ध आहे. श्रमविभागणीही साधारणपणे याच रेषेवर झालेली होती. उन्हात दिवसभर गोलंदाजी करणारे बहुधा पगारी, तर शैलीदार फलंदाज हौशी, असा संकेत होता.

या व्यवस्थेतील सर्वांत ठळक विसंगती म्हणजे डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस. व्हिक्टोरियन क्रिकेटचा हा महानायक नावाने आयुष्यभर हौशी राहिला. १८७३-७४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात त्याला खर्चाव्यतिरिक्त १,५०० पौंड मिळाले. त्याच दौऱ्यावरील व्यावसायिकांना प्रत्येकी १७०. १८९५ मध्ये त्याच्यासाठी जमविलेल्या सन्मान-निधीची रक्कम नऊ हजार पौंडांच्या वर गेली. एवढी कमाई त्या काळातील कोणत्याही व्यावसायिकाने केली नव्हती. पुढच्याच वर्षी ओव्हल कसोटीपूर्वी एबल, हेवर्ड, रिचर्डसन, लोमन आणि गन या पाच व्यावसायिकांनी सामन्याचे मानधन १० पौंडांऐवजी २० पौंड करावे अशी मागणी केली. वृत्तपत्रांत गदारोळ झाला. हौशी खेळाडूंच्या 'खर्चा'चीही चर्चा निघाली. तिघांनी मागणी मागे घेतली व ते खेळले. लोमन आणि गन खेळले नाहीत. मागणी करणे हाच येथे अपराध ठरला होता, कारण मागितल्याने देण्याचे औदार्य संपते.

व्यावसायिकाला म्हातारपणाचा आधार म्हणजे 'बेनिफिट' सामना. क्लबने कृपा म्हणून एका सामन्याचे उत्पन्न त्यास द्यावयाचे. पाऊस पडला तर नुकसान त्याचे. १९०७ मध्ये मिडलसेक्सच्या आल्बर्ट ट्रॉटने आपल्या स्वतःच्या बेनिफिट सामन्यात चार चेंडूंत चार बळी घेतले आणि त्याच डावात आणखी एक हॅटट्रिक केली. सामना लवकर आटोपला आणि तिकिटांचे उत्पन्न बुडाले. उत्तम खेळल्यामुळे कंगाल होण्याची अशी उदाहरणे व्यवसायांच्या इतिहासात फारशी नसावीत. १९२७ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने केंटच्या जेम्स सेमूर याच्या खटल्यात ही रक्कम वेतन नसून देणगी आहे, म्हणून तीवर आयकर लागू नाही, असा निर्णय दिला. खेळाडूचे पैसे वाचले. पण निवृत्तीचा आधार हा हक्क नसून दान आहे, यावर त्याच निर्णयाने शिक्कामोर्तब केले.

कर्णधारपद हा मात्र पैशाचा प्रश्न नव्हता. लॉर्ड हॉक याने १९२५ मध्ये इंग्लंडचे नेतृत्व कधीही व्यावसायिकाकडे जाऊ नये अशी जाहीर प्रार्थनाच केली. हाच हॉक यॉर्कशायरच्या व्यावसायिकांना हिवाळ्यातही पगार मिळवून देणारा होता, हे न विसरलेले बरे. पालकाच्या मायेने वागणारा मालक आपली जागा सोडेलच असे नाही. वॉली हॅमंड १९३८ मध्ये हौशी झाला आणि लगेच इंग्लंडचा कर्णधारही झाला. त्याच्या फलंदाजीत काही बदल झालेला नव्हता. बदल उपजीविकेच्या नोंदीत झाला होता. हटनने हा मार्ग नाकारला. १९५२ मध्ये तो व्यावसायिक राहूनच कर्णधार झाला, आणि तरीही आपल्या यॉर्कशायर संघात तो हौशी कर्णधार नॉर्मन यार्डली याच्या हाताखाली खेळत राहिला. देशाचे नेतृत्व मिळाले, काउंटीचे मिळाले नाही.

पुणे-मुंबई : वर्गाच्या जागी जात

क्रिकेट भारतात आले तेव्हा ही भिंतही सोबत आली. येथे ती आधीच उभ्या असलेल्या दुसऱ्या भिंतीला जाऊन टेकली. चर्मकार समाजात जन्मलेले बाळू पालवणकर पुण्यात प्रथम पारशांच्या क्रिकेट क्लबमध्ये महिना तीन रुपयांवर मैदानाची देखभाल करीत. १८९२ च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबमध्ये चार रुपयांवर गेले. खेळपट्टीवर रूळ फिरविणे, जाळी बांधणे आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकणे हे त्यांचे काम. जे. जी. ग्रेग याला तासन्‌तास गोलंदाजी करून त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. फलंदाजीची संधी मात्र क्वचितच मिळे. इंग्लंडातील व्यावसायिक आणि पुण्यातील नोकर यांच्यातील हे साम्य लक्षणीय आहे.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांविरुद्ध जिंकावयाचे होते, म्हणून बाळूंना घेण्यात आले. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत होता. चहा मात्र त्यांना तंबूबाहेर मातीच्या वेगळ्या भांड्यातून दिला जाई. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली इंग्लंडला गेलेल्या संघात बाळूंनी ११४ बळी घेतले, सरासरी १९ हून कमी. पण मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीही मिळाले नाही. १९२० मध्ये यावरून पालवणकर बंधूंनी संघातून माघार घेतली. १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले. हॉकच्या त्या प्रार्थनेच्या दोन वर्षे आधी, आणि हटनच्या जवळजवळ तीस वर्षे आधी, मुंबईत हा प्रश्न एका अर्थाने सुटला होता. तेथे अडसर वेतनाचा होता, येथे जन्माचा; दोन्हीकडे हुकूम देण्याचा अधिकार कोणाचा, हेच विचारले जात होते.

राजाश्रय आणि त्याचा अस्त

भारतात हौशी व व्यावसायिक यांच्याखेरीज तिसरा वर्ग होता, तो आश्रितांचा. होळकरांनी सी. के. नायडू यांना १९२३ मध्ये आपल्या सेवेत घेऊन लष्करी हुद्दा दिला. विजय हजारे बडोदा संस्थानच्या सेवेत होते. त्यांना खेळण्याबद्दल वेतन मिळत नव्हते, हुद्द्याबद्दल मिळत होते, आणि हुद्दा खेळण्याबद्दल मिळाला होता. इंग्लिश वर्गीकरणात यांना कोठे बसवावे हे सांगणे अवघड आहे.

ही पद्धत क्रिकेटसाठी निर्माण झालेली नव्हती. तिचे मूळ आखाड्यात होते. छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना तालमी, खुराक आणि तनखा देऊन कुस्तीला राज्याचा व्यवहार बनविले. १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. या भागात गावोगावच्या जत्रेत हलगीच्या कडकडाटात फड रंगतो. पोरांच्या कुस्त्या रेवड्या-नारळावर लागतात आणि चढत्या क्रमाने शेवटच्या निकाली कुस्तीपर्यंत इनाम वाढत जाते. इनाम घेणाऱ्या मल्लाला कोणी धंदेवाईक म्हणत नाही. इनाम हा त्याचा मान असतो. ऑलिंपिकचा हौशीपणाचा नियम त्याच्या शब्दार्थाने लावला असता, तर कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील किती पैलवान पात्र ठरले असते, हा प्रश्न कोणी विचारला नाही हे भारतीय कुस्तीचे भाग्यच.

खाशाबा जाधव याच परिसरात घडले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला त्यांना पाठविण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला आणि ते फ्लायवेट गटात सहावे आले. चार वर्षांनंतर तो आश्रय उरला नव्हता. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. जो खर्च दरबार करीत असे तो करणारी यंत्रणा नव्या राज्यात अद्याप निर्माण झालेली नव्हती; शासनाकडून पुरेशी मदत मिळाली नाही. तेव्हा गावकऱ्यांनी व हितचिंतकांनी वर्गणी जमविली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांच्या हेलसिंकी प्रवासाची ही कथा बहुधा त्याग व जिद्द यांचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. ती तशी आहेच. परंतु राजाश्रयाचा अंत आणि लोकाश्रयाचा आरंभ यांच्यामधील फटीत सापडलेल्या एका खेळाडूची कथा म्हणूनही ती वाचावयास हवी. ज्या प्राध्यापकवर्गाने ती फट काही काळ बुजविली, त्याची नोंद क्रीडा-इतिहासात अपुरी आहे.

हेलसिंकी

खाशाबा ज्या ऑलिंपिकमध्ये उतरले तेथे हौशीपणाची कल्पना स्वतःच अडचणीत आली होती. कूबर्तँ यांनी १८९४ ची पॅरिस परिषद हौशीपणाच्या प्रश्नावर बोलावली होती. आपल्याला त्या प्रश्नाचे फारसे महत्त्व कधी वाटले नव्हते असे त्यांनी उत्तरायुष्यात मान्य केले. त्यांच्या वारसांना मात्र ते फार वाटत होते. १९१२ मध्ये स्टॉकहोमला पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकणाऱ्या जिम थॉर्प या अमेरिकन आदिवासी खेळाडूची पदके १९१३ मध्ये काढून घेण्यात आली, कारण त्याने त्यापूर्वी दोन उन्हाळे किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. त्याच स्पर्धांत थॉर्पच्या मागे राहिलेला एव्हरी ब्रंडेज १९५२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षपदी निवडून आला. १९७२ पर्यंत तो हौशीपणाचा सर्वांत कठोर रक्षक राहिला. थॉर्पला पदके परत मिळाली ती १९८२ मध्ये, मृत्यूनंतर एकोणतीस वर्षांनी, तीही इतरांसह संयुक्त विजेता म्हणून. एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद २०२२ मध्ये झाली.

हेलसिंकीला सोव्हिएत संघही प्रथमच उतरला. त्याचे खेळाडू कागदोपत्री सैनिक किंवा विद्यार्थी होते आणि वर्षभर खेळत होते. खाशाबांच्या ५७ किलो गटात जपानचा इशी पहिला आला, सोव्हिएत मल्ल मामेदबेकोव्ह दुसरा. एकाच विजयमंचावर शासनाने पोसलेला एक हौशी आणि गहाण घराच्या पैशावर आलेला दुसरा हौशी शेजारी उभे होते. नियमपुस्तकाच्या दृष्टीने दोघांत काही फरक नव्हता.

मंकड आणि नंतर

विनू मंकड यांचे प्रकरण या सर्वांहून आधुनिक वाटते. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला ५५ धावांत ८ आणि ५३ धावांत ४ बळी घेऊन त्यांनी भारताला पहिला कसोटी विजय मिळवून दिला होता. हॅसलिंग्डनने करार देऊ केला, तेव्हा इंग्लंड दौऱ्यावरील निवडीची हमी मिळावी, म्हणजे करार नाकारता येईल, असे त्यांनी क्रिकेट मंडळाला विचारले. हमी मिळाली नाही. मंकड यांनी करार स्वीकारला. लँकेशायर लीगच्या क्लबांत एक पगारी खेळाडू आणि बाकीचे स्थानिक, अशी रचना असे; पन्नास धावा झाल्या की प्रेक्षकांत टोपी फिरवून पैसे गोळा करीत. हेडिंग्लेला भारताच्या दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी चार गडी बाद झाले, आणि मंडळाला हॅसलिंग्डनकडे मंकड यांच्या सुटकेची विनंती करावी लागली. पुढचा लॉर्ड्सचा पराक्रम सर्वांना ठाऊक आहे. सामना मात्र इंग्लंडने जिंकला.

मंकड यांनी काही गैर मागितले नव्हते. आपल्या श्रमाच्या दोन गिऱ्हाइकांपैकी एकाला त्यांनी लेखी उत्तर मागितले, एवढेच. १८९६ च्या पाच जणांप्रमाणेच त्यांच्या बाबतीतही मागणे हेच खटकले असावे. आश्रिताने विचारावयाचे नसते, ही समजूत संस्थाने गेल्यावरही मंडळात राहिली असे म्हणावयास जागा आहे.

संस्थानिकांची जागा पुढे रेल्वे, पोलीस, सैन्यदल, बँका आणि कंपन्यांनी घेतली. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. हुद्द्याच्या आडून खेळाला पोसण्याची होळकरांचीच रीत मुंबईच्या कचेऱ्यांत चालू राहिली. खेळ संपल्यावरही पगार चालू राहण्याची शाश्वती हा तिचा मोठा गुण. इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९६२ मध्ये काउंटी समितीने हौशी हा दर्जाच रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्यापूर्वी सप्टेंबरात स्कारबरो येथे झालेला जंटलमन-प्लेयर्स सामना शेवटचा ठरला. त्यात प्लेयर्सचा कर्णधार होता फ्रेड ट्रूमन, दहा वर्षांपूर्वी हेडिंग्लेला शून्यावर बाद झालेल्या त्या चौघांपैकी तिघांना टिपणारा. ऑलिंपिक सनदेतील पात्रतेच्या नियमातून हौशी हा शब्द १९७४ मध्ये गेला, आणि १९८६ मध्ये व्यावसायिकांच्या प्रवेशाचा निर्णय त्या त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनांवर सोपविण्यात आला.

खाशाबा जाधव हेलसिंकीहून परतले तेव्हा कराडपासून बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. प्राचार्यांचे घर सोडविण्यासाठी त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून पैसे उभे केले. १९५५ मध्ये त्यांना पोलीस दलात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर देण्यात आला, तो २००० सालचा.